रिंगेची पावती

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण. बोलताना जे राहून गेले ते लिहून काढताना घातले आहे.)



मला भाषणाची सवय नाही. शाळा सातवीपर्यंत झाली, आणि त्यानंतर जे काही बोलले ते नळावर, भाजीच्या गाडीपाशी, नाहीतर हळदीकुंकवाला. चिटणीसबाईंनी विचारले, "विषय काय लिहू?" मी म्हटले, "घरखर्चाचा हिशेब असे लिहा." ते खोटे नव्हते, पण पुरते खरेही नव्हते. आता खुर्च्या मांडणारी मुले बाहेर गेली आहेत, दार लोटले आहे, म्हणून खरा विषय सांगते. बाईचे अंग बाहेर येते, त्या दुखण्याला दवाखान्यात एक रिंग बसवितात. त्या रिंगेचे पैसे कोणी आणि कोठून द्यावयाचे, याविषयी मला बोलावयाचे आहे.

काहीजणींनी माना खाली घातल्या. घालू द्या. मीही तीन वर्षे तशीच मान खाली घालून होते.

हा विषय माझ्या डोक्यात आला तो माझ्या नणंदेच्या मुलीमुळे. ती अमेरिकेत न्यू जर्सीला असते. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला हाच त्रास सुरू झाला. फोनवर चेहरा दिसतो हल्ली, तसे आमचे बोलणे चालले होते, आणि ती अगदी भाजीचा भाव सांगावा तसे सांगू लागली, "मामी, डॉक्टरांनी रिंग बसवली. मी माझ्या आरोग्य खात्याचे कार्ड दिले." मला रिंगेचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते कार्डाचे. मी विचारले, "अगं, या गोष्टीला कार्ड चालते?" ती हसली. म्हणाली, "का नाही? डोळ्याच्या चष्म्याला चालते, दाताला चालते, मग हिला काय झाले?"

मग तिने समजावून सांगितले. तिकडे २००३ साली कायदा झाला आणि जानेवारी २००४ पासून अशी खाती निघाली. पगार हातात पडण्याआधी, त्यावर कर बसण्याआधी, काही रक्कम त्या खात्यात टाकता येते. आजारपणाला खर्च केली तर त्या रकमेवर कर नाही. उरली तर पुढच्या वर्षी तशीच राहते. मात्र हे खाते सर्वांना मिळत नाही. ज्यांचा विमा सुरुवातीचा मोठा खर्च आपल्यावर टाकतो त्यांनाच ते उघडता येते. दुसऱ्या एका प्रकारच्या खात्यातले पैसे बहुतेक वर्ष संपण्याआधी खर्चावे लागतात, नाहीतर जातात. म्हणजे तिकडेही सगळे आलबेल आहे असे समजू नये. पण एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली. तिच्या दुखण्याला तिच्या नावाची पावती होती.

आता माझे सांगते. माझे तिसरे बाळंतपण २००९ साली झाले. सव्वा महिना झाला नाही तोच मी पाण्याला लागले. त्या दिवसांत आमच्या बाजूला नळाला पाणी कधी येई, कधी नाही. टँकर आला की हंडा, कळशी, बादली जे हाताला येईल ते घेऊन पळावयाचे आणि दोन जिने चढावयाचे. २०१३ च्या सुमारास खाली काहीतरी ओझे लोंबते आहे असे वाटू लागले. सकाळी बरे असे, संध्याकाळी स्टेशनचा जिना चढताना पाऊल उचलत नसे. खोकले की लघवी होई. गावाकडे याला मायांग बाहेर येणे म्हणतात, हे मला माहीत होते. पण ते म्हाताऱ्या बायांना होते असे मी समजत होते. मी तेव्हा पस्तिशीच्याही आत होते.

हे का होते, ते मला पुढे एका डॉक्टरीणबाईंनी सांगितले. गर्भाशय, लघवीची पिशवी आणि मागचे आतडे यांना खालून स्नायूंची झोळी धरून असते. बाळंतपणात ती ताणते. कळा फार वेळ चालल्या, लागोपाठ मुले झाली, बाळंतपणात विश्रांती मिळाली नाही, जुनाट खोकला असला, शौचाला कुंथावे लागले, जड ओझी उचलली, म्हणजे ती झोळी सैल पडते. पाळी गेल्यावर आणखी सैल पडते. यात बाईचा काहीही दोष नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली होती, ती १९८९ साली छापून आली. शंभरातील ९२ जणींना बाईपणाचा काही ना काही आजार निघाला, आणि त्याआधी तपासणी झालेल्या शंभरात फक्त आठ होत्या. जिची तपासणीच नाही तिची पावती कोठून असणार?

२०१६ साली मी धीर करून एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. घरी सांगितले की दात दुखतो. बाईंनी तपासले, माप घेतले आणि रिंग बसविली. बांगडीसारखी गोल, पण मऊ, दाबली की लांबट होणारी. ती आत बसली की गर्भाशयाला टेकू मिळतो. बसवायला दहा मिनिटेही लागली नाहीत. मी उठून उभी राहिले, दोन पावले चालले, आणि भगिनींनो, मला रडू आले. तीन वर्षांत प्रथमच पोटाखाली ओझे नव्हते.

रिंग त्यांनी चिठ्ठी देऊन बाहेरच्या दुकानातून आणावयास सांगितली होती. साडेचारशे रुपये पडले. बाईंची फी सहाशे. दुकानदाराने विचारले, "बिल करू का? नाव काय?" मी इकडेतिकडे पाहिले आणि म्हटले, "बिल नको." त्याने वस्तू कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घातली. पैसे मी डाळीच्या डब्यात साठविलेले दिले. म्हणजे एक हजार पन्नास रुपये आणि वर रिक्षाभाडे, आणि त्याचा कोठेही मागमूस नाही.

आता यातली गंमत ऐका. आमचे हे अंबरनाथच्या एमआयडीसीत, याच आपल्या आनंदनगरच्या बाजूच्या कारखान्यात, सुपरवायझर आहेत. त्या काळी पगारदार माणसाला वर्षाकाठी १५,००० रुपयांपर्यंतची औषधपाण्याची बिले कचेरीत देऊन तेवढ्या रकमेवरचा कर वाचविता येत असे. अमेरिकेतल्या त्या खात्याचे हे आपल्याकडचे लहान भावंडच म्हणा. बिल स्वतःचे किंवा घरच्या माणसांचे, कोणाचेही चाले. मार्च महिना आला की आमच्या घरी बिलांची शोधाशोध सुरू होई. फ्रिजवर, देवघराच्या खणात, मुलांच्या दप्तरात. खोकल्याच्या बाटलीचे बिल, मुलाच्या तापाचे बिल. आणि इतके करून पंधरा हजार भरले नाहीत, तर ओळखीच्या दुकानातून जादा बिले आणली जात. ते बरोबर होते असे मी मुळीच म्हणत नाही. पण विचार करा, आमच्या घरात खोटी बिले चालली, आणि एकच खरे बिल मी दुकानातच सोडून आले. का? तर ते कचेरीतल्या कारकुनाच्या हाती पडेल म्हणून.

पुढे यांनीच हिशेब करून दाखविला. तेव्हा आमच्या उत्पन्नाला शंभराला दहा रुपये कर होता. म्हणजे माझ्या हजार पन्नासवर वाचले असते एकशे पाच रुपये आणि वर काही सुटे. एकशे पाच रुपयांसाठी मी आज एवढे बोलते आहे असे समजू नका. बिल घेतले असते तर ते यांच्या हाती गेले असते, यांनी विचारले असते, आणि मला दातदुखीची बतावणी करीत आणखी दीड वर्ष काढावे लागले नसते. यांना कळले ते २०१८ च्या पावसाळ्यात. आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून ती बिलांची सवलत सरकारने काढून टाकली, तिच्याऐवजी सगळ्या पगारदारांना बिलाशिवाय सरसकट ४०,००० ची वजावट दिली. म्हणजे बायकोचे दुखणे यांना कळले तोवर बिलाची गरज संपली होती!

घरात कळले ते असे. रिंग कायमची आत ठेवून विसरावयाची नसते. काही महिन्यांनी ती काढून, धुवून, तपासणी करून पुन्हा बसवावी लागते. विसरली तर आत जखम होते. घाण वास आला, रक्त दिसले, तर लागलीच डॉक्टरांकडे जावे. काहीजणींना ती स्वतः काढता-घालता येते. मलाही त्या बाईंनी शिकविले. एके दुपारी मी ती साबणाने धूत होते, तोच सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. मी हात मागे घेतला. त्या म्हणाल्या, "काय ते? दाखव." मी दाखविली. त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि सांगितली मी कशाला आहे ते. त्या खाली बसल्या आणि म्हणाल्या, "मी तीस वर्षे कापडाची घडी लावते आहे."

तीस वर्षे! एका घरात, एका मोरीत, आम्ही दोघी एकच दुखणे एकमेकींपासून चोरून धूत होतो. त्या दिवशी रात्री सासूबाईंनीच यांना सांगितले. सुनेला लाज वाटते, आईला वाटली नाही.

आता पैशांची वाट कशी ती सांगते. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या यजमानांच्या पगारातून राज्य कामगार विम्याचे पैसे कापले जातात. १ जुलै २०१९ पासून शंभरामागे पंचाहत्तर पैसे कामगाराचे आणि सव्वातीन रुपये मालकाचे. महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असलेल्यांसाठी ही मर्यादा २०१७ च्या जानेवारीत ठरली. कंत्राटी कामगारही त्यात येतात. हे पैसे तुम्ही दवाखान्यात गेलात तरी कापले जातात, न गेलात तरी जातात. विमा कामगाराच्या कुटुंबालाही असतो, पण कार्डावर बायकोचे नाव चढविलेले असावे लागते. आमच्या शेजारची एक आठ वर्षे समजत होती की ते कार्ड फक्त अपघातासाठी असते. आज घरी गेल्यावर आधी ते कार्ड पाहा. आधी विमा दवाखान्यात नोंद करावी लागते, तेथून चिठ्ठी मिळाली की मोठ्या रुग्णालयात जाता येते. उल्हासनगरला कामगार विम्याचे रुग्णालय आहे. कार्ड नसलेल्यांना तेथेच मध्यवर्ती रुग्णालय आहे, इकडे अंबरनाथला छाया रुग्णालय आहे. स्त्रीरोगाची ओपीडी कोणत्या वारी असते ते जाण्याआधी विचारून घ्यावे, नाहीतर एक दिवस फुकट जातो.

मेडिक्लेमचे वेगळे. १९८६ पासून तो आपल्याकडे आहे, पण त्याचा मूळ नियम असा की दवाखान्यात चोवीस तास दाखल व्हावयास हवे. काही लहान शस्त्रक्रियांना त्यातून सूट असते, आणि हल्ली जास्त हप्ता घेऊन वरवरचा दवाखाना देणारे विमेही निघाले आहेत. पण साध्या विम्यात रिंग बसत नाही, कारण रिंगेला दहा मिनिटे लागतात. सरकारच्या महात्मा जोतीराव फुले योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. तेही यादीतल्या उपचारांना, दाखल झाल्यावर.

आणि येथेच मला भीती वाटते, म्हणून येथे जरा थांबते. गर्भाशय काढावयाचे म्हटले तर पैसे देणारे आहेत. टेकू द्यावयाचा म्हटला तर साडेचारशे रुपये देणारे कोणी नाही. आपल्या ओळखीच्या एका बाईंना एका खाजगी रुग्णालयात तपासणी होण्याआधीच विचारले, "कार्ड आहे ना? मग काढूनच टाकू." वय अडतीस. त्या घाबरून परत आल्या. पुढे दुसरीकडे तपासल्यावर निघाले की दुखणे पहिल्या पायरीवरच आहे, व्यायाम पुरे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचे २०१९ साली वर्तमानपत्रांत आले होते ते आठवत असेल. सरकारी पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. त्यांनी कर्ज काढून काढले, मजुरी बुडू नये म्हणून काढले. शस्त्रक्रिया वाईट असे मी म्हणत नाही. जिला जरूर आहे तिने अवश्य करावी. गर्भाशय न काढता ते वर उचलून बांधण्याच्या शस्त्रक्रियाही आहेत, आणि त्यांतल्या नावाजलेल्या आपल्या मुंबईतल्याच डॉक्टरांनी काढल्या. गोव्याच्या मातीतले डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांची नावे त्या शस्त्रक्रियांना आहेत. पण कोणता उपचार करावयाचा हे दुखण्याने ठरावे, कार्डाने ठरू नये. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: कितव्या पायरीवर आहे, व्यायामाने भागेल का, रिंग चालेल का. डॉक्टर रागावले तर दुसरे डॉक्टर.

व्यायाम म्हणजे लघवी रोखून धरताना जसे आत ओढून घेतो तसे ओढावयाचे, थोडे थांबावयाचे, सोडावयाचे. केगल नावाच्या डॉक्टरांनी १९४८ साली तो मांडला. तो फुकट आहे आणि पोळ्या लाटतानाही होतो. मी आत्ता बोलताबोलताही करीत आहे, तुम्हाला कळले का? (हशा)

आता कराचे. ज्यांच्या घरी साठीच्या पुढची सासू किंवा आई आहे आणि तिचा आरोग्य विमा नाही, त्यांनी ऐकावे. ८०-डी म्हणून घरोघर ओळखली जाणारी जी सवलत आहे, तिच्यात अशा वडीलधाऱ्यांच्या औषधोपचाराचा वर्षाला ५०,००० पर्यंतचा खर्च मुलाला आपल्या उत्पन्नातून वजा दाखविता येतो. अट एवढीच की पैसे रोख दिलेले नसावेत. आणि अर्थात मुलगा कर जुन्या पद्धतीने भरणारा असावा. नव्या पद्धतीत ही सवलत नाही. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला करच लागत नाही म्हणतात, तेव्हा आपल्यातल्या पुष्कळ घरांना हा प्रश्नच उरलेला नाही. आमच्याकडे घराचे कर्ज असल्यामुळे हे २०२२-२३ साली जुन्याच पद्धतीत होते. सासूबाईंच्या डोळ्यांचे, रक्तदाबाच्या गोळ्यांचे आणि रिंगेचे पैसे यांनी मोबाइलवरून दिले आणि बिले फाईलला लावली. शंभरामागे वीस रुपये कर वाचला. रिंगेच्या बिलावर सासूबाईंचे पूर्ण नाव होते. दुकानातल्या पोराने "आजी, नाव सांगा" म्हटल्यावर त्यांनी माहेरच्या आडनावासकट सांगितले!

ज्यांच्या घरी कार्ड नाही, विमा नाही, कर नाही, त्यांच्यासाठी आम्ही सातजणींनी गेल्या दिवाळीपासून एक डबा केला आहे. दरमहा प्रत्येकी पन्नास रुपये, म्हणजे महिन्याला साडेतीनशे. भिशीसारखा नंबर लागत नाही, गरज लागेल तिला मिळतात, आणि जमेल तसे परत करावयाचे. यावर आमचे भांडण झाले. हिशेब ठेवणारीचे म्हणणे, पावती दाखवा, नाहीतर डबा बुडेल. एकीचे म्हणणे, पावती दाखवावी लागली तर मी मागणारच नाही. दोघींचेही खरे होते. शेवटी असे ठरले की पावती घ्यावयाचीच, आपल्या नावाची घ्यावयाची, पण डब्यात घडी घालून टाकावयाची आणि वहीत फक्त 'औषध' आणि रक्कम लिहावयाची. आतापर्यंत तिघींनी पैसे नेले. कोणी आणि कशासाठी ते मला ठाऊक आहे, पण वहीला ठाऊक नाही. डबा मंडळाने आपलासा केला तर बरे, पण अध्यक्षाबाईंना मी येथे भर सभेत अडवीत नाही. त्यांनी कार्यकारिणीत ठरवावे.

मी फार वेळ घेतला. चहा निवत असेल. एकच सांगावयाचे राहिले. येत्या बुधवारी सकाळी सासूबाईंना रिंग काढून तपासून घेण्यासाठी मी उल्हासनगरला नेणार आहे. साडेआठला कोपऱ्यावरून रिक्षा ठरविली आहे. एक जागा रिकामी आहे. घरी काय सांगावे असा प्रश्न पडला तर दात दुखतो म्हणून सांगू नका, ते माझे झाले आहे.